दवबिंदूचं बी

आमच्या गॅलरीत किडे खाणारी झाडं आहेत, ही बातमी आता नात्यागोत्यात सगळीकडे पोचली आहे. फोनवर तब्येतीची चौकशी झाली की दुसरा प्रश्न ठरलेला, "काय म्हणतायत तुमचे राक्षस?" धाकट्या जाऊबाई तर घरी आल्या की गॅलरीकडे पाठ होईल अशा खुर्चीवर बसतच नाहीत! त्यांना मी दर वेळी सांगते, अहो, माझं सगळ्यात मोठं झाड वीतभरसुद्धा नाही, आणि त्याची नेहमीची शिकार म्हणजे केळ्यांवर घोंघावणारं चिलट.

थट्टा सोडली तर या चौकशांमध्ये एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येतो. "आम्हालाही हवंय असं झाड. कुठून आणायचं?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्या मंडळींना पुढचं वाचायची सक्ती नको. किडे खाणारं झाड घरी हवं असेल तर ते बी पेरून वाढवावं. डोंगरावरून, पठारावरून उपटून आणू नये. तिथलं बीसुद्धा आणू नये. कुणीतरी घरी वाढवलेल्या झाडाचं बी घ्यावं, पेरावं आणि वाट बघावी. वाट बघण्यातच खरी मजा आहे, असं मला आता वाटू लागलंय.

आता सविस्तर.

मी काही शास्त्राची बाई नव्हे. उभा जन्म मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. शास्त्राच्या बाई रजेवर गेल्या की बदलीचा तास माझ्याकडे यायचा, तेवढाच माझा शास्त्राशी संबंध. पण कीटकभक्षी वनस्पती म्हटलं की सगळा वर्ग जागा व्हायचा, हे पक्कं आठवतं. झाड, आणि किडा खातं! फळ्यावर घटपर्णीचं चित्र काढायचं, झाकण, घट, आत पडलेली माशी. परीक्षेत 'टीप लिहा' म्हणून प्रश्न यायचा, मुलं चार ओळी लिहायची, संपलं. ही घटपर्णी आपल्याकडची मेघालयातल्या गारो, खासी, जयंतिया टेकड्यांवरची. साताऱ्याच्या पोराला ती कुठून दिसणार? आणि गंमत अशी, की त्या वर्गापासून जेमतेम २५ किलोमीटरवर कासच्या पठारावर दर पावसाळ्यात किडे खाणारी झाडं हजारोंनी उगवत होती. गुराख्यांच्या पायाखाली.

कासला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलेली नसतात. म्हणजे पाहिलेली असतात, पण ओळखलेली नसतात. जांभळ्या गालिच्यासारखी दिसणारी सीतेची आसवं सगळ्यांच्या फोटोत असतात. त्या नाजूक फुलाचं झाड शिकारी आहे, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. त्याच्या सापळ्याच्या पिशव्या ओल्या मातीत लपलेल्या असतात, टाचणीच्या डोक्याहून लहान. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराशी आला की सेकंदाच्या हजाराव्या भागात आत ओढला जातो. दुसरा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा. याच्या दोन जाती तिथे सहज सापडतात. एक उभी, बारीक लांब पानांची, आणि दुसरी जमिनीला चिकटून बसलेली, लालसर, रुपयाच्या नाण्याएवढी चकती. पानांवर केसांसारखे तंतू आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब. सकाळच्या उन्हात असा चमकतो, की दव पडलंय असंच वाटावं. किडाही तसाच फसतो.

हे सगळं तिथेच का, तर तिथे खायला काही नाही म्हणून. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर बोटभर माती, आणि त्या मातीतलं जे काही कसदार असेल ते पावसाने धुऊन नेलेलं. बाकीच्या झाडांना मुळांतून जो नत्र मिळतो तो इथे नाही. मग या झाडांनी तो हवेत उडणाऱ्या किड्यांकडून मिळवायची युक्ती शोधली. गरिबाच्या घरची काटकसर असते ना, तशातली ही गोष्ट.

असो. मूळ मुद्द्यावर येते.

तीन-चार वर्षांपूर्वी नात्यातला एक मुलगा (नाव घेत नाही, वाचत असशीलच बाळा) कासच्या सहलीहून येताना प्लास्टिकच्या बाटलीत दवबिंदूची सात-आठ रोपं घेऊन आला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नमुना म्हणून ठेवायची होती. मातीसकट उचलली होती, मोठ्या काळजीने आणली होती. घरी आईने छान कुंडीत लावली, शेणखत घातलं, नळाचं पाणी घातलं. पाचव्या दिवशी सगळी काळी पडली. प्रदर्शन आठ दिवसांवर होतं. मग काय, पुठ्ठ्यावर चित्र काढून नेलं.

मुलाचा दोष नाही हो. कौतुकानेच आणली होती. कासचं पठार राखीव वनात येतं आणि तिथलं काही उपटणं गुन्हा आहे, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला. आपल्याकडचा दवबिंदू हे एका पावसाळ्याचं झाड. जून-जुलैमध्ये उगवतं, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुलतं, बी टाकतं आणि मरतं. पुढचे सात-आठ महिने कातळ तापत असतो, तेव्हा तिथे दवबिंदूचं एकही पान नसतं. असतं ते फक्त बी, त्या बोटभर मातीत पडून राहिलेलं. म्हणजे ऐन फुलात असलेलं रोप उपटलं की गेलं ते एक रोप नाही, पुढच्या पावसाळ्याची शेकडो रोपं गेली. आंब्याच्या झाडाची फांदी तोडली तर झाड पुन्हा फुटतं. इथे पुन्हा फुटायला काही उरतच नाही.

या हिशेबाला पक्का आधार मला मिळाला तो डार्विनच्या घरातून. चार्ल्स डार्विन १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात गेला असता त्याला माळावरच्या ड्रॉसेराच्या पानांवर चिकटलेले पुष्कळ किडे दिसले. झालं, माणसाला नाद लागला. त्याने पानांवर दूध, अंड्यातला पांढरा भाग, मांसाचे कण ठेवून पाहिले. साखरपाणी, गोंद, स्टार्च ठेवून पाहिले. नत्र असलेल्या पदार्थावर पान मिटायचं, नसलेल्याला विचारायचंही नाही. पंधरा वर्षं हे उद्योग चालले आणि १८७५ साली त्याचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं. तरीही एक शंका लोकांनी काढलीच. पान किडा पचवतं हे कबूल, पण त्याने झाडाचा खरोखर काही फायदा होतो का? न खाताही ते जगतंच की!

याचं उत्तर दिलं डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिसने. त्याने ड्रॉसेराच्या रोपांचे दोन गट केले. बाहेरचा किडा येऊ नये म्हणून वर जाळी घातली. एका गटाच्या पानांवर मांसाचे बारीक कण ठेवले, दुसऱ्याला उपाशी ठेवलं. १८७८ साली त्याने निष्कर्ष छापले. खाल्लेली रोपं जास्त जोमदार होतीच, पण सगळ्यात मोठा फरक पडला होता तो बियांमध्ये. खाल्लेल्या रोपांनी उपाशी रोपांच्या दुपटीहून जास्त बी धरलं होतं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. सगळं जग या झाडांना शिकारी म्हणून ओळखतं. सिनेमातला राक्षस, माणसाला गिळणारी वेल, काय काय! आणि हे झाड मिळालेल्या चिलटाचं करतं काय, तर बी करतं. एखादी बाई घरात आलेला शेरभर तांदूळ पोरांच्या ताटात वाढते, तसं. आपण किडा पकडताना बघतो आणि टाळ्या वाजवतो. त्यापुढची गोष्ट बघायला थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं, की ज्याला हे झाड समजून घ्यायचंय त्याने बीपासून सुरुवात करावी. उपटून आणलेलं रोप आपल्याला चार दिवसांचा तमाशा दाखवतं आणि जातं. बी सगळी गोष्ट सांगतं.

आता कुठलं बी? इथे एक धोक्याची सूचना. इंटरनेटवर 'व्हीनस फ्लायट्रॅपचं बी' म्हणून निळ्या, जांभळ्या, सप्तरंगी सापळ्यांचे फोटो लावून पाकिटं विकली जातात. फ्लायट्रॅप हिरवा असतो किंवा लाल, निळा फ्लायट्रॅप जगात नाही. त्याचं बी काळं, चकचकीत, थेंबाच्या आकाराचं असतं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी असं पाकीट मागवलं, दोन महिने निष्ठेने पाणी घातलं, आणि उगवलं ते साधं गवत! तेव्हा बी घ्यायचं ते ज्याच्या घरी ते झाड प्रत्यक्ष उभं आहे त्याच्याकडून. अशी हौशी मुलं आता बऱ्याच शहरांत आहेत आणि ती मोठ्या आनंदाने देतात.

फ्लायट्रॅपच्या वाटेला नवख्याने जाऊच नये, असंही माझं मत. हे झाड अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या दोन राज्यांतल्या छोट्याशा पट्ट्यातलं. त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने थंडीत झोपायची सवय. बीपासून पूर्ण वाढायला चार-पाच वर्षं. आणि घरोघरी त्याचा छळच होतो. जो येतो तो सापळ्यात बोट घालतो. सापळ्याच्या आतल्या केसाला थोड्या वेळात दोनदा स्पर्श झाला की तो मिटतो. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की पुढेही झाड मोजत राहतं, आणि पाचेक स्पर्श झाले की पाचकरस सोडायच्या तयारीला लागतं. म्हणजे आत खरंच काही धडपडतंय याची खात्री करून घेतं. एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो. त्या मोजक्या वेळा आपण बोटांवर घालवायच्या? याच झाडाची तिकडे एवढी लूट झाली, की २०१४ सालापासून उत्तर कॅरोलायनात जंगलातून ते उपटणं हा गंभीर गुन्हा धरला जातो. आपल्या मेघालयातल्या घटपर्णीचीही तीच कथा. तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच द्यावं लागलं.

नवख्यासाठी उत्तम झाड म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातला दवबिंदू, ड्रॉसेरा कॅपेन्सिस. आपल्या दवबिंदूचा चुलतभाऊच. स्वभावाने सोशिक, अनेक वर्षं जगणारा, थंडीची झोप न मागणारा. बी पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला पाकीट रिकामंच वाटलं. खसखस त्यापुढे जाडी म्हणायची! काळ्या धाग्याचे बारीक तुकडे असावेत तसं दिसतं. कोरड्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर पुष्कळ दिवस टिकतं.

पेरण्याची पद्धत आपल्या मेथी-कोथिंबिरीच्या अगदी उलट. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्यावा, बुडाला चार भोकं पाडावीत. त्यात पीट मॉस आणि धुतलेली जाड सिलिका वाळू किंवा पर्लाइट समसमान भरावं. बागेतली माती नको, शेणखत नको, गांडूळखत नको, काहीच कसदार नको. नारळाच्या भुश्शाचं कोकोपीट वापरायचं तर त्यातला क्षार जाईपर्यंत चांगल्या पाण्यात अनेकदा धुवावं लागतं. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवावा, म्हणजे ओल खालून वर चढते. मग बी वर भुरभुरावं आणि तसंच सोडावं. वरून माती लोटायची नाही, दाबायचं नाही. एवढ्याशा बीमध्ये शिदोरी ती केवढी असणार! अंधारातून वर यायला त्याच्याजवळ ताकद नसते, आणि उजेड लागल्याशिवाय ते रुजतही नाही. वर पारदर्शक झाकण, दिवसातून एकदा उघडून वारा द्यायचा म्हणजे बुरशी धरत नाही. जागा भरपूर उजेडाची, पण झाकण असेपर्यंत दुपारचं ऊन नको, आत भट्टी होते.

प्रत्येक जातीचं बी वेगळं, हे मात्र लक्षात ठेवायचं. अमेरिकेतल्या सॅरासेनियाचं बी असंच पेरलं तर ढिम्म हलत नाही. त्याला आधी चार-सहा आठवडे ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, इडलीच्या पिठाशेजारी. शरद ऋतूत गळून, बर्फाचा हिवाळा काढून वसंतात उगवायची त्याची रीत. हिवाळा होऊन गेला असं त्याला पटवावं लागतं. घटपर्णीचं बी याच्या उलट, ताजं असतानाच पेरायचं, ठेवून दिलं की लवकर मरतं. शिवाय नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, तेव्हा घरच्या घरी बी मिळणं कठीणच.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. नळाच्या, बोअरच्या पाण्यातले क्षार या झाडांना हळूहळू मारतात. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. आमच्या साताऱ्यात त्याला तोटा नाही. पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्यायच्या आणि मग उघड्यावर बादल्या मांडून कॅन भरून ठेवायचे. स्लॅबवरून ओघळून आलेलं घेऊ नये, त्यात चुना उतरतो. पाऊस नसेल तेव्हा आरओचं चालतं, पण घरातली काही यंत्रं चवीसाठी क्षार पुन्हा मिसळतात, म्हणून टीडीएस मीटरने बघून घ्यावं. आकडा ५० च्या आत असावा.

माझं बी मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेरलं. पाऊस गेलेला, ऊन सौम्य झालेलं. नातू दर रविवारी भिंग घेऊन यायचा, बघायचा आणि "आजी, काहीच नाही" असा निकाल देऊन क्रिकेटला पळायचा. दिवाळीचा फराळ होऊन संपत आला आणि भाऊबीजेच्या सकाळी मला हिरवे ठिपके दिसले. मोहरीच्या दाण्याहून लहान. भिंगातून दोन इवल्या डाळिंब्या. पुढे काही आठवड्यांनी त्यांच्यामधून पहिलं खरं पान आलं, आणि त्या पानाला तंतू होते, तंतूंवर थेंब होते! मुळं नुसती धाग्याएवढी, आणि सापळा तयार. नातू त्या रविवारी क्रिकेटला गेला नाही.

मंडळी, माझ्या सबंध नोकरीत एखादी गोष्ट मुलाला 'कळली' असं वाटण्याचे क्षण मी बोटांवर मोजू शकते. हा त्यातला एक म्हणायला हरकत नाही, निवृत्तीनंतरचा. फ्लायट्रॅपने माशी पकडली याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्याने आधी पन्नासदा पाहिला होता. त्यातून त्याला झाड क्रूर असतं एवढंच कळलं होतं. तीन आठवडे रिकामी माती बघितल्यावर त्याने जो प्रश्न विचारला तो वेगळा होता. "आजी, एवढंसं आहे, तर याला भूक किती लागत असेल?"

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते मला पाठ झालेत.

पहिला, आपण शाकाहारी माणसं, घरात हे कशाला? अहो, हे झाडही इतर झाडांसारखं उन्हावर स्वतःचं अन्न स्वतः करतं. भात ते घरीच शिजवतं, डाळीपुरतं किड्याकडे जातं, एवढाच फरक. आणि त्याला मांसाचे तुकडे घालायचे नसतातच, पान कुजतं. गॅलरीतली चिलटं त्याला पुरतात. आपल्या पायपुसण्याखाली जेवढे किडे मरतात तेवढेही ते मारत नाही.

दुसरा, तयार रोप विकत का घेऊ नये? जरूर घ्यावं. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवलेली रोपं मिळतात, त्यात जंगलाचं काही जात नाही. फक्त विकणाऱ्याला विचारावं, हे कुठून आलं? उत्तर देताना तो चाचरला तर घेऊ नये. पण घरात लहान मूल असेल तर तरीही मी बीच सुचवीन. तयार रोपाबरोबर तयार उत्तरही येतं.

तिसरा आक्षेप मला जरा विचार करायला लावतो. एका वाचक स्नेह्यांचं म्हणणं, की तुम्ही अशा लेखांनी लोकांची हौस वाढवता. दहातले नऊ बी पेरतील आणि दहावा पठारावर जाईल. हे अगदीच खोटं नाही. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दी एवढी लोटली, की माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. कौतुकानेही तुडवणूक होते. पण गप्प राहून त्या दवबिंदूचं भलं होईल, असं मला वाटत नाही. ज्या मुलाने घरी तीन आठवडे एका ठिपक्याची वाट बघितली आहे, तो पठारावर पाय टाकताना खाली बघेल. ज्याने पाकीट फोडून लगेच झाड पाहिलं, तो कदाचित बघणार नाही. माझी सगळी भिस्त या एका भरवशावर आहे. शिक्षकाजवळ दुसरं असतं तरी काय?

मात्र एक गोष्ट निक्षून सांगते. घरी वाढवलेलं परदेशी झाड किंवा त्याचं बी कौतुकाने कासला नेऊन टाकू नका. हा केपचा दवबिंदू बी मुबलक टाकतो. न्यूझीलंडने त्याला उपद्रवी वनस्पतींच्या यादीत घालून त्याची विक्री बंद केली आहे. आपल्या पठारावर आपला दवबिंदू आहे, त्याला पाहुण्याची गरज नाही.

माझ्या झाडांना दुसऱ्या वर्षी फुलं आली. गुलाबी, नाजूक, एकेक फूल उन्हात उघडतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. परागकणांसाठी कुणाची वाट बघावी लागत नाही, आपलं आपणच फळतं. मागच्या महिन्यात दांडे वाळले तेव्हा मी ते पांढऱ्या कागदावर झटकले. एका दांड्यातून निघालेलं बी सगळ्या नातेवाइकांना पुरून उरेल.

तेव्हा ज्यांना हवं असेल त्यांनी कळवावं, पाकीट पाठवीन. पैसे नकोत, पण अटी तीन आहेत. पावसाचं पाणी आधी साठवायचं, मग बी मागायचं. उगवल्यावर बोट लावायचं नाही. आणि पहिलं बी धरलं की ते आणखी एका घरी द्यायचं. जाऊबाईंनी परवा फोनवर विचारलं, "चावत नाही ना?" त्यांचं पाकीट मी बाजूला काढून ठेवलंय.